म्हातारपणी खुबा मोडणं आणि हाडांचा ठिसूळपणा: सातारा-सांगली भागातून वारंवार येणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन पुन्हा उभं करणं, चालवणं हे माझं रोजचं काम. कराड, पाटण, वाळवा, तासगाव, खटाव इकडून फोनवर आणि व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून इथे एकत्र केले. बहुतेक लोक घरातलं कुणीतरी पडल्यावर विचारतात. तुमच्या घरात अजून कुणी पडलेलं नसेल तर प्रश्न 11 पासून वाचा, तुमच्यासाठी तोच भाग मोलाचा आहे. औषधाचा डोस आणि ऑपरेशनचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

1. खुबा मोडला म्हणजे नेमकं कुठलं हाड मोडतं?

मांडीच्या हाडाचा वरचा भाग. हाडाच्या टोकाला गोळा असतो, तो कमरेच्या खोबणीत बसतो. गोळ्याच्या लगेच खाली हाडाची बारीक मान आणि तिच्याखाली दोन उंचवटे असलेला रुंद भाग. म्हातारपणी मोडतं ते मान किंवा हा रुंद भाग, या दोनपैकी एका जागी, आणि कुठलं ऑपरेशन होणार ते त्यावरच ठरतं (प्रश्न 6).

फोनवर बरेच जण "कंबर मोडली" किंवा "माकडहाड मोडलं" असं सांगतात. माकडहाड पाठीच्या कण्याच्या अगदी शेवटी असतं. ते दुखतं भरपूर, पण त्याला ऑपरेशन सहसा लागत नाही.

2. सासूबाई मोरीत घसरून पडल्या. खुबा मोडलाय हे घरी कसं ओळखायचं?

जांघेत किंवा कुल्ल्यावर जोराचं दुखतं, पाय उचलता येत नाही, त्यावर भार देता येत नाही. दोन्ही पाय शेजारी ठेवले की दुखरा पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असतं. असं दिसलं तर "जरा उभ्या राहून बघा" म्हणू नका. पाय ओढून सरळ करू नका, चोळू नका. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवा, जाड चादरीवर किंवा फळीवर चौघांनी मिळून उचला आणि 108 ला फोन करा, ती ॲम्ब्युलन्स मोफत आहे. रिक्षात बसवून नेताना मोडलेलं हाड आणखी सरकतं.

चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट पिशवीत घालून सोबत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते दवाखान्यात पोचल्या पोचल्या सांगा.

3. वडील पडल्यावर चालत घरात आले. एक्स-रे पण नॉर्मल आहे. तरी जांघेत दुखायचं थांबत नाही.

मोड कधी कधी एकमेकांत रुतून बसलेला असतो आणि माणूस लंगडत का होईना चालतो. अगदी बारीक भेग पहिल्या एक्स-रेत दिसतही नाही. म्हाताऱ्या माणसाला पडल्यानंतर पाय टेकताना जांघेत दुखत असेल, तर नॉर्मल एक्स-रेवर समाधान मानू नका. एमआरआय करा, ते जमत नसेल तर सीटी स्कॅन. अशी भेग आठ-दहा दिवसांनी सरकली की चार स्क्रूंनी भागणारं काम बॉल (हाडाचा गोळा) बदलण्यावर जातं.

4. ऑपरेशन किती दिवसांत व्हायला हवं? मुंबईहून थोरला भाऊ आल्यावर ठरवलं तर चालेल का?

शक्यतो 24 ते 48 तासांत. थोरल्या भावाशी फोनवर बोला आणि संमतीच्या कागदावर जो हजर असेल त्याने सही करा.

उशीर झाला की हाडापेक्षा शरीराचं नुकसान जास्त होतं. दुखण्यामुळे म्हातारं माणूस खोकत नाही, हालत नाही, जेवत नाही. मग छातीत कफ साठून न्यूमोनिया, लघवीचा जंतुसंसर्ग, पायाच्या शिरेत गुठळी, पाठीला जखमा. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी पाचातला एक ते तिघांतला एक वर्षभरात दगावतो असं जगभरच्या अभ्यासांत दिसतं. त्यातले बरेच जण या गुंतागुंतींनी जातात. मला हे फोनवर सांगताना जड जातं, पण "आठवडाभर बघू" म्हणणाऱ्या प्रत्येक घराला सांगावंच लागतं.

उशीर करायला खरी कारणं थोडीच असतात: हृदय निकामी होऊन दम लागलेला असणं, रक्त फार कमी असणं, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधाचा परिणाम उतरायची वाट पाहणं. ॲस्पिरिन चालू आहे एवढ्यासाठी सहसा थांबत नाहीत. आणि आठवडा उलटून गेला असेल तरी ऑपरेशनचा फायदा संपलेला नसतो. लगेच दाखवा.

5. आजीचं वय 86, शुगर आहे, बीपी आहे, हृदयाची एन्जिओप्लास्टी झालीय. भूल झेपेल का? त्यापेक्षा पायाला वजन लावून घरी ठेवलेलं काय वाईट?

ऑपरेशनमध्ये धोका आहे, हे खरं. पण तुलना "ऑपरेशन की धडधाकट आजी" अशी नसून "ऑपरेशन की सहा ते बारा आठवडे अंथरूण" अशी आहे. 86 वर्षांच्या शरीराला दुसरी गोष्ट जास्त झेपत नाही. बहुतेकदा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, पूर्ण बेशुद्ध करायची गरज पडतेच असं नाही. मोडलेल्या बाजूच्या नसेजवळ बधिरतेचं इंजेक्शन दिलं तर ऑपरेशनआधीच दुखणं खूप उतरतं. ते मिळेल का हे जरूर विचारा. खूप ठिकाणी न विचारता दिलं जात नाही.

वजन लावल्याने दुखणं थोडं थांबतं, पण म्हातारपणी सरकलेलं खुब्याच्या मानेचं हाड वजनाने जुळत नाही. हाडवैद्याचा लेप आणि पट्टी याबद्दलही हेच. मनगट मुरगळल्यावर कुणी काय करतं तो वेगळा विषय, खुब्याच्या हाडाला बाहेरून बांधायला जागाच नाही. तिथे गेलेले दिवस प्रश्न 4 मधल्या 48 तासांतूनच वजा होतात.

6. एक डॉक्टर म्हणतात बॉल बदला, शेजाऱ्याच्या आईला मात्र रॉड टाकला. कुणाचं बरोबर?

दोन्ही बरोबर असू शकतं, कारण मोडलेली जागा वेगळी असते. गोळ्याला रक्त हाडाच्या मानेतून जातं. मान मोडून सरकली की रक्त तुटतं आणि गोळा मरतो, म्हणून म्हाताऱ्या माणसात तो काढून कृत्रिम बॉल बसवतात. चालता-फिरता, तब्येतीने चांगला माणूस असेल तर कधी खोबणीसकट पूर्ण सांधा बदलतात. मान मोडली पण सरकली नसेल तर स्क्रू पुरतात. खालच्या रुंद भागात रक्त भरपूर असतं, तिथलं हाड जुळतं, फक्त ते धरून ठेवायला रॉड किंवा प्लेट लागते.

7. खर्च कुठून आणायचा?

ॲडमिट करतानाच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला) गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत मिळून कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार आहेत. शिवाय 70 वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. ऑक्टोबर 2024 मध्ये ते सुरू झालं. आधार कार्ड लागतं, रेशनकार्डही जवळ ठेवा. मात्र प्रत्येक हॉस्पिटल योजनेत नसतं आणि योजनेतलं हॉस्पिटलही प्रत्येक ऑपरेशनसाठी मान्यता असलेलं नसतं. म्हणून ॲम्ब्युलन्स कुठे न्यायची ते ठरवायच्या आधी योजनेच्या 155388 या नंबरवर विचारा. साताऱ्याचं आणि सांगलीचं सिव्हिल, मिरजेचं शासकीय रुग्णालय हेही पर्याय आहेत.

8. ऑपरेशन चांगलं झालं, पण रात्रीपासून आई काहीबाही बडबडतेय, मला ओळखत नाही. वेड लागलं का?

नाही. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत हे खूप वेळा होतं, आणि बहुतेकांचं दिवसांत किंवा आठवड्यांत उतरतं. पण त्यामागे कारण असतं: दुखणं, ताप, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, सोडियम कमी होणं, झोपेची गोळी. म्हणून डॉक्टरांना लगेच सांगा, "वय झालंय" म्हणून सोडून देऊ नका. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र परत द्या. घरातलं एकच ओळखीचं माणूस जवळ ठेवा, दिवसा खिडकी उघडी, रात्री अंधार आणि शांतता. हात बांधू नका. भेटायला येणाऱ्यांची रीघ थोडे दिवस थांबवलीत तर कुणी रुसलं तरी चालेल.

9. कधी उभं करायचं? लोक म्हणतात दीड महिना हलवू नका.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, वॉकर धरून. बॉल बदलला असेल तर भार देऊनच. रॉडच्या बाबतीतही बहुतेकदा भार देऊ देतात, नसेल द्यायचा तर सर्जन तसं लिहून देतात. दीड महिन्याचा सल्ला ऑपरेशन होत नव्हती त्या काळातला आहे.

पहिले दोन आठवडे तुमच्या हातात आहेत. झोपलेल्या वेळात दर दोन तासांनी कूस बदला, पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा पलंगाच्या कडेवर बसवा. जेवण खुर्चीत बसूनच. त्यात अंडं, डाळ, दूध, मटकी, चालत असेल तर मासे-चिकन. 50 किलोच्या माणसाला दिवसाला 50 ते 60 ग्रॅम प्रथिनं लागतात आणि पेजेवर ठेवलेल्या पेशंटला ती कधीच मिळत नाहीत. स्नायू नसतील तर मी कितीही व्यायाम करून घेतला तरी पाय उचलत नाही.

पोटरी सुजली, दम लागला, जखमेतून पाणी आलं, ताप चढला किंवा पाय एकाएकी आखूड झाला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

खरं सांगायचं तर पडण्याआधीसारखं चालणं साधारण निम्म्याच लोकांना परत मिळतं. कोण त्या निम्म्यांत येईल हे बऱ्याच अंशी पहिल्या तीन महिन्यांतल्या व्यायामावर अवलंबून असतं.

10. मांडी घालून बसता येईल का? संडासाचं काय? आणि वारी?

बॉल किंवा सांधा बदलला असेल तर मांडी घालणं, उकिडवं बसणं, बुटक्या पाटावर बसणं टाळा. बॉल खोबणीतून निसटू शकतो. कमोड खुर्ची घ्या, ती भारतीय संडासावरही ठेवता येते. रॉड टाकला असेल आणि हाड एक्स-रेत जुळलेलं दिसत असेल तर सर्जन हळूहळू खाली बसायला परवानगी देतात. त्यांना विचारल्याशिवाय मात्र नको.

वारी हा प्रश्न दर ज्येष्ठ महिन्यात येतो आणि मी तो मनापासून घेते. लोणंद ते फलटण सलग चालणं पहिल्या वर्षी नको. गर्दीत धक्का लागतो, चिखल असतो, रात्री उघड्यावर उठावं लागतं. चांदोबाच्या लिंबाला गाडीने जाऊन, काठी धरून, सोबत माणूस घेऊन रिंगण पाहायला हरकत नाही. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. जवळजवळ सगळे उलट धरतात.

11. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. मग आता हाडाला वेगळं औषध कशाला?

या पानावरचा हा एकच प्रश्न लोकांनी लक्षात ठेवला तरी माझं काम झालं. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला, म्हणजे हाड ठिसूळ आहे, हे सिद्ध झालं. डेक्सा (हाडाची घनता मोजणाऱ्या) तपासणीत आकडा काही येवो. रॉडने एक हाड सांधलं, दुसऱ्या बाजूचा खुबा आणि पाठीचे मणके तितकेच ठिसूळ राहिले. आणि डिस्चार्ज कार्डावर बहुतेकदा असतं काय, तर कॅल्शियमची गोळी. तेवढ्याने भागत नाही.

औषधं आहेत आणि ती काम करतात. अलेन्ड्रोनेट 70 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन वर्षातून एकदा, डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी, फार ठिसूळ हाडाला टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन. खुब्याच्या ऑपरेशननंतर झोलेड्रोनिक ॲसिड दिलेल्या पेशंटांचा मोठा अभ्यास 2007 मध्ये आला. त्यात नवीन फ्रॅक्चर 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी कमी झाले. ते देण्याआधी किडनीची तपासणी आणि व्हिटॅमिन डी भरून काढणं गरजेचं. टाके काढायला जाल तेव्हा डॉक्टरांना थेट विचारा: "हाडाच्या ठिसूळपणाचं कुठलं औषध चालू करायचं?"

अलेन्ड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहाबरोबर नाही. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते, आणि काही खायचं नाही, नाहीतर गोळी अंगी लागत नाही.

12. गावातल्या शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवून "हाडं ठिसूळ" असा रिपोर्ट दिला. खरा मानायचा?

इशारा म्हणून घ्या, निदान म्हणून नको. निदानाची तपासणी म्हणजे डेक्सा, ती कंबर आणि खुब्याची करतात. तिथे टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला की ठिसूळपणा धरतात. 65 वर्षांवरच्या प्रत्येक बाईने एकदा करावी. उंची दीड-दोन इंच कमी झाली असेल, पाठीला पोक येत असेल तर वय कमी असलं तरी करावी, सोबत मणक्याचा एक्स-रे.

13. माझी पिशवी 36 व्या वर्षी काढलीय. मला धोका आहे का?

पिशवीबरोबर अंडाशयं काढली होती का, ते आधी शोधा. ऑपरेशनच्या कागदावर असतं. दोन्ही काढली असतील तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी आली आणि इतर बायकांची हाडं 47-48 च्या सुमारास झिजायला लागतात, ती तुमची 36 ला लागली. स्त्रीरोगतज्ज्ञांना हार्मोन्सबद्दल आत्ताच विचारा, डेक्सा पन्नाशीच्या आतच करा. अंडाशयं ठेवली असतील तर धोका बराच कमी, पण ती थोडी लवकर थकतात. आपल्या भागात किती बायकांना आपलं काय काढलं हेच माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

14. हा बायकांचाच आजार ना?

नाही. पुरुषांची हाडं उशिरा झिजतात, पण खुबा मोडल्यावर दगावण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त आहे. दारू आणि तंबाखू दोन्ही हाडाला वाईट. बायकांनी लावायची मिश्री हीसुद्धा भाजलेली तंबाखूच.

15. ज्वारीची भाकरी आणि डिंकाचे लाडू खातो. कॅल्शियम पुरेल का?

दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम लागतं. 100 ग्रॅम ज्वारीत ते 30 च्या आसपासच असतं, नाचणीत साधारण 350. म्हणजे माण-खटाव, जत-आटपाडीच्या ताटापेक्षा पाटण-जावळीच्या डोंगरातली जुनी नाचणीची भाकरी या बाबतीत सरस. दुधात 100 मिलिलिटरला साधारण 120. मग दिवसाचा हिशोब असा बसतो: दोन पेले दूध किंवा तेवढंच दही-ताक, एक नाचणीची भाकरी, चमचाभर तिळाची चटणी, राजगिऱ्याची किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी. पालकातलं कॅल्शियम अंगी फारसं लागत नाही. डिंकाचे लाडू आवडीने खा, पण औषध समजून नको. एवढं खाणं होत असेल तर गोळी अर्धीच लागते किंवा लागतही नाही.

16. मुतखडा आहे, थायरॉइडची गोळी पण चालू आहे. कॅल्शियम घ्यायचं की नाही?

खाण्यातलं कॅल्शियम मुतखड्यासाठी बंद करू नका, ते कमी झालं तर उलट खडे वाढतात. गोळी मात्र डॉक्टरांना विचारून आणि जेवणाबरोबर. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळीही कॅल्शियमबरोबर घेऊ नका. थायरॉइडचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर त्यानेही हाड झिजतं, म्हणून टीएसएच वेळेवर तपासा.

17. आम्ही दिवसभर रानात उन्हात असतो, तरी व्हिटॅमिन डी कमी कसं? आणि ती 60 हजारची पुडी कायम घेतली तर?

उसात काम करताना अंग नखशिखांत झाकलेलं असतं, सावळ्या आणि म्हाताऱ्या कातडीत डी हळू तयार होतं. कामी येतं ते साधारण 11 ते 3 मधलं ऊन, उघड्या हातापायांवर, काचेतून आलेलं नाही.

पुडी बहुतेकदा आठवड्याला एक अशी आठ आठवडे, नंतर महिन्याला एक देतात. पुढे वर्षभर दर आठवड्याला घेत राहणारे मला भेटतात. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, गोंधळ आणि किडनीचा त्रास होऊ शकतो. एकदम मोठा डोसही नको: ऑस्ट्रेलियात 70 वर्षांवरच्या बायकांना वर्षातून एकदा 5 लाख युनिट दिले, तेव्हा पडणं आणि फ्रॅक्चर दोन्ही वाढले. हा अभ्यास 2010 चा.

18. गुडघ्यासाठी बाजारातून आणलेली पुडी लगेच गुण देते. हाडांना चालेल ना?

दोन दिवसांत गुण देणाऱ्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचा संशय घ्या. तीन महिन्यांहून जास्त पोटात गेलेलं स्टेरॉइड हाड पोखरतं. चेहरा सुजून गोल झाला, अंगावर सहज निळे डाग पडायला लागले तर संशय पक्का. पण एकदम बंद करू नका, त्यानेही जिवाला धोका होतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

19. पडूच नये म्हणून घरात काय करायचं?

बरीच म्हातारी माणसं रात्री लघवीला उठताना पडतात. म्हणून पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर दिवा, मोरीत आणि संडासात भिंतीला पक्की दांडी, खाली खरबरीत फरशी. संडास अंगणात असेल तर रात्रीसाठी पलंगाशेजारी कमोड खुर्ची. उंबरठ्याला पांढरा पट्टा. पावसाळ्यात अंगणातलं शेवाळ दर आठवड्याला घासा, पाटण-महाबळेश्वरकडे तर नक्कीच. झिजलेली स्लीपर फेकून द्या, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. साडी-धोतर घोट्याच्या वर.

झोपेची गोळी, एकदम उठल्यावर चक्कर आणणारी बीपीची गोळी आणि मोतीबिंदू ही तीन कारणं घरच्यांच्या ध्यानात येत नाहीत. डॉक्टरांना विचारून गोळ्या कमी करता येतात का बघा.

व्यायाम एकच सांगते: हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमेनासं झालं असेल तर ते पडण्याच्या आधीचं लक्षण आहे.

20. आजी दोन वर्षांपासून अंथरुणावरच, कुणाला ओळखत नाही. कूस बदलताना खुबा मोडला. तरी ऑपरेशन?

चालवण्यासाठी नाही, पण दुखणं थांबवण्यासाठी कधी कधी करावं लागतं, कारण मोडलेल्या पायाने धुणं-पुसणं असह्य होतं. आयुष्याचे थोडेच दिवस उरले असतील तर नसेचं इंजेक्शन, पुरेसं वेदनाशामक औषध, उशांचा आधार आणि चांगली शुश्रूषा हा पूर्ण सन्मानाचा निर्णय आहे. डॉक्टरांना "किती जगेल" याबरोबर "दुखणं कशाने कमी होईल" हेही विचारा. आणि न पडता हाड मोडलं असेल तर कॅन्सर हाडात उतरलाय का हेही पाहावं लागतं.

21. पाच वर्षं हाडाची गोळी घेतेय. आता मांडीत दुखतं. दात पण काढायचाय.

अलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिड फार वर्षं घेतल्यावर क्वचित मांडीच्या हाडाला मधोमध भेग पडते, आणि त्याआधी काही आठवडे मांडी किंवा जांघ दुखते. म्हणून दोन्ही मांड्यांचा पूर्ण एक्स-रे काढा, एका बाजूला भेग असली तर दुसरीकडेही असू शकते. याच कारणासाठी तीन ते पाच वर्षांनी डॉक्टर औषध थांबवायचं का ते पुन्हा ठरवतात. दात काढायची गरज असेल तर दंतवैद्याला ही गोळी सांगा. जबड्याचं हाड न भरण्याचा धोका अगदी कमी असतो, पण तोंड आधीच दुरुस्त करून औषध सुरू करणं उत्तम. डेनोसुमॅबचा नियम मात्र वेगळा: ते परस्पर बंद केलं किंवा महिनाभराहून जास्त लांबवलं तर मणके एकामागून एक मोडू शकतात. पुढच्या इंजेक्शनची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि थांबवायचंच असेल तर त्याजागी दुसरं औषध सुरू करूनच थांबवा.